नेबारीच्या वतीने

तोक्यो, १४ सप्टेंबर १९९७

वहिनी,

रीतीची ती ऋतूविषयीची दोन वाक्यं गाळतो. इथे अजून उकडतंय, तुमच्या साकाताला समुद्रावरून गार वारा सुटला असेल, झालं. दादा असता तर म्हणाला असता, त्सुनेओला पत्राची सुरुवातसुद्धा धड करता येत नाही.

आता कामाचं. दादाने सुरू केलेली, पटावर काळे-पांढरे खडे मांडून गो खेळणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमांची स्पर्धा यंदा तुम्ही भरवणार आहात ना? तो गेल्यावर गेल्या साली तुम्ही ती रेटून नेलीत, तेव्हा सगळे म्हणत होते की ही शेवटची. कृपा करून तसं होऊ देऊ नका. माझा प्रोग्रॅम, नेबारी, यंदा उतरलाच पाहिजे, आणि पहिल्या चारांत आला पाहिजे.

कारण असं. इथल्या एका विद्यापीठातले त्सुकिदा सर म्हणालेत की तो पहिल्या चारांत आला तर प्रयोगशाळा त्याला ठेवून घेईल आणि दोन विद्यार्थी त्याच्यावर काम करतील. नाही आला तर विषय संपला. बारा वर्षं मी तो एकट्याने लिहिलाय, वहिनी. माझं ते कोळ्याचं जाळं दुसऱ्या कुणाला उलगडत नाही. कुणी हातात घेतला नाही तर माझ्यानंतर तो कुणी उघडणारसुद्धा नाही.

मला स्वतःला येता येणार नाही. मनगट दुखतंय, अक्षरावरून कळलंच असेल. त्याच्या वतीने पटासमोर बसायला कुणी तरी शोधा. समोरच्याची चाल कीबोर्डवर टाकायची, नेबारीची चाल स्क्रीनवर आली की तिथे खडा ठेवायचा, एवढंच काम. हुशार माणूस नको, सावध हवा.

त्सुनेओ


साकाता, २१ सप्टेंबर

त्सुनेओ-सान,

मनगट दुखतं म्हणून माणूस गाडीत बसत नाही, हे मी साठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मनगटावर चालत येणार होतात का? खरं सांगा, ऑफिसात काही बिनसलंय की कानाएशी नवरा-बायकोचं भांडण झालंय? आणि 'माझ्यानंतर' ही भाषा चोपन्नाव्या वर्षी शोभत नाही. तुमच्या दादांना साधी सर्दी झाली तरी निरवानिरव सुरू व्हायची, आणि खरोखर गेले तेव्हा चकार शब्द न काढता गेले.

स्पर्धेचं म्हणाल तर आजच्या घडीला पाच नावं आहेत. मंदिराचे पुजारी ओशो-सान सभागृह द्यायला तयार आहेत, पण काय म्हणाले ऐका. "तोमोए-सान, निदान आठ तरी होऊ द्या. संगणकाच्या पाच डब्यांसाठी दोन दिवस सगळे स्टोव्ह पेटवायचे, तर रॉकेल काय बुद्धाच्या डोक्यातून गळतं?" मे महिन्यात तिकडे यंत्राने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवल्यापासून लोकांना वाटतं, गो खेळणारं यंत्रही कुणी तरी महापुरुष असणार. बघायला येतात, आमच्या गो-मंडळातली शाळकरी पोरगी त्याला सुरुवातीलाच जादा खडे देऊनही झोपवते ते पाहतात आणि हसत घरी जातात. त्यांना हसू देत. मला आठ हवेत.

गेल्या साली एका शहाण्याने आपल्या यंत्राची चाल पसंत नाही म्हणून स्वतःचीच ठेवून दिली होती, त्यावरून केवढी जुंपली होती ते तुम्ही पाहिलंत. म्हणून यंदा नियम मी स्वतः लिहिलेत. चौथा वाचा: यंत्राच्या वतीने बसणारा माणूस म्हणजे यंत्राचा फक्त हात. त्याने स्वतःचं डोकं चालवू नये, तोंड उघडू नये. यंत्र म्हणेल ते आणि तेवढंच.

नेबारीसाठी दोमोन-सानना विचारलंय. आमच्या गल्लीतले न्हावी, आठवतात ना? दर रविवारी तुमच्या दादांसमोर बसायचे. वयाची पंचाहत्तरी उलटली, पण अजून वस्तऱ्याने दाढी करतात आणि हात हलत नाही. याहून सावध माणूस मला माहीत नाही.

मनगटाला काय झालंय ते नीट लिहा.

तोमोए


तोक्यो, ९ ऑक्टोबर

वहिनी,

हे अक्षर कानाएचं. मी सांगतोय, ती लिहितेय. मधे मधे थांबते, तिला मी काही म्हणत नाही.

मनगट नाही. मज्जातंतूंचा आजार आहे. आधी हात जातात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणजे सगळं बघत बसायचं. उन्हाळ्यापासून डाव्या हाताने टाइप करत होतो, आता त्याचीही बोटं ऐकत नाहीत. औषध नाही. डॉक्टर फार सभ्य आहेत, त्यामुळे मला सगळं दोनदा विचारावं लागतं.

मला मरायचं नाही, वहिनी. कानाए हे लिहायला तयार नव्हती, मी म्हटलं लिही. मला शांत वगैरे अजिबात वाटत नाही. रोज सकाळी उठलो की आधी बोटं हलतात का बघतो आणि मग चिडतो. एकच गोष्ट अशी आहे की जी माझ्याशिवायही चालू राहू शकते, आणि ती नोव्हेंबरातल्या दोन दिवसांवर लटकलेली आहे. म्हणून पुन्हा सांगतो, पहिले चार.

दोमोन-सानना एक गोष्ट पक्की सांगा. नेबारी हरायला लागला की वेड्यासारखा खेळतो. समोरच्याने वेढून घेतलेल्या भरल्या घरात खडे टाकतो, कोंडून मेलेल्या खड्यांच्या गटाला पुढे पुढे जोडत बसतो. माणूस असं खेळला तर तुम्ही त्याला मंडळातून हाकलून द्याल. पण ते मीच शिकवलंय. समोरही यंत्रच असतं! आपण जिंकलोय हे त्याला कुठे माहीत असतं? प्रत्येक वेडी चाल त्याला नव्याने तपासावी लागते. मग ते गोंधळतं, कधी चुकतं, कधी त्याची वेळ संपते. तेव्हा तो सांगेल ते ठेवत राहायचं. कधी थांबायचं ते तोच सांगेल.

त्सुनेओ


साकाता, १६ ऑक्टोबर

त्सुनेओ-सान,

तुमचं पत्र पोस्टमन मंडळात देऊन गेला आणि मी मूर्खासारखी तिथेच उघडलं. चार माणसं खेळत होती. चहाचं भांडं हातातून सुटलं, त्यांना म्हटलं, कान तुटला होता त्याचा. मनगटावर चालत येणार का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. माझी जीभ झडायला हवी होती.

रडून झालं की माणसाने कामाला लागावं, म्हणून लागले. सात नावं झालीत. आठवं मिळेना. सेंदाईला उराबे नावाचा विद्यार्थी आहे असं कळलं, त्याच्या मागे लागले. तो म्हणतो, "आजी, माझा प्रोग्रॅम अजून अर्धाच झालाय." म्हटलं, "अर्धा घेऊन ये. इथे पूर्ण कुणाचा आहे?" म्हणतो, "परीक्षा आहे." म्हटलं, "रविवारी कुठली परीक्षा?" शेवटी कंटाळून हो म्हणाला. ओशो-साननी त्याच संध्याकाळी रॉकेल मागवलं.

दोमोन-सान रोज दुकान बंद करून येतात आणि माझ्याकडे कीबोर्ड शिकतात. पहिल्या दिवशी हात धुऊन, टॉवेलने पुसून बसले. "तोमोए-सान, याला दाबलं तर काही मोडत नाही ना?" आता एका बोटाने टाकतात, पण टाकण्याआधी प्रत्येक चाल मोठ्याने म्हणतात आणि मग पुन्हा पटाकडे बघून खात्री करतात. त्यांच्याकडून चूक होणार नाही.

तुमच्या आजाराचं मी त्यांना सांगितलेलं नाही. विद्यापीठाचंही नाही. ऐकलं तर हात कापेल त्यांचा, मी त्यांना ओळखते. "यंत्र सांगेल ते ठेवत राहा" एवढंच बजावलंय, आणि ते "हो हो" म्हणालेत.

कानाएला सांगा, तिच्यासाठी वाळवलेली पर्सिमनची फळं पाठवतेय. तुम्हाला गिळायला त्रास होत असेल तर बारीक चिरून पाण्यात भिजवा.

तोमोए


साकाता, २५ नोव्हेंबर

त्सुनेओ-सान,

स्पर्धा पार पडली. फोनवर कानाएला निकाल सांगितलाच आहे, पण पत्र लिहायचं कबूल केलं होतं.

थंडी कडाक्याची होती. पहिल्या सकाळी स्टोव्ह कमी पडले म्हणून कुणी तरी विजेचा हीटर लावला आणि सगळ्या यंत्रांसकट मंदिराचा फ्यूज उडाला. ओशो-सान मेणबत्त्या घेऊन धावत आले. मेणबत्तीवर संगणक चालवतात असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे. ती फेरी पुन्हा पहिल्यापासून खेळवली. दुपारी इमोनीचं, म्हणजे अळकुड्यांच्या रश्श्याचं, मोठं पातेलं चढवलं होतं, सगळे जेवले. माणसंही बरीच आली होती.

नेबारी छान खेळला. पहिल्या दिवशी एका जुन्या नावाजलेल्या प्रोग्रॅमला त्याने कोपऱ्यात असं काही कोंडलं की ओशो-सान टाळ्या वाजवायला लागले. शेवटच्या फेरीआधी तो आणि उराबेचा प्रोग्रॅम बरोबरीत होते, जो जिंकेल तो चौथा. त्या डावात नेबारी मागे पडला आणि त्याने हार मानली. पाचवा आला.

मला फार वाईट वाटतंय. याहून काय लिहावं सुचत नाही. त्सुकिदा सरांना तुम्ही लिहा, पाचवाही काही वाईट नाही. पुढच्या वर्षाचं बघता येईल.

तोमोए


तोक्यो, ३० नोव्हेंबर

वहिनी,

'त्याने हार मानली' असं तुम्ही लिहिलंय. कानाएकडून ते वाक्य मी तीनदा वाचून घेतलं.

नेबारीला हार मानता येत नाही. मी ती शिकवलेलीच नाही. बारा वर्षांत तशी एक ओळही मी त्यात घातली नाही. पट भरेपर्यंत तो खेळतो, नाही तर त्याची वेळ संपते, तिसरं काही त्याला माहीत नाही. तेव्हा तो बोलला नाही. दुसरं कुणी तरी बोललं.

तो म्हातारा बोलला ना?

तुमचा चौथा नियम कानाए भिंतीवर लावून बसली आहे. हाताने तोंड उघडू नये. मग हाताने तोंड उघडलं तर ते शब्द धरायचेच नाहीत, हे सांगायला न्यायाधीश लागतो का? डाव अजून चालूच आहे, वहिनी. निकाल फिरवा. तुम्हीच आयोजक, तुम्हीच पंच, नियम तुमचाच. त्सुकिदा सरांकडे अहवाल वर्षअखेरीला जातो. अजून वेळ आहे. मी आयुष्यात कुणाचे पाय धरले नाहीत, आता तर हातच उचलत नाहीत. तरी धरले असं समजा.

नक्की काय झालं ते लिहा. फ्यूज आणि पातेलं नको.

त्सुनेओ


साकाता, ६ डिसेंबर

त्सुनेओ-सान,

लिहिते.

दोमोन-सान दोन दिवस पटासमोर गुडघे मोडून ताठ बसले. लोक पाय पसरायचे, चहाला उठायचे, हे नाहीत. शेवटच्या डावात मध्यावर नेबारीचा मोठा गट मेला. तिथून तुम्ही लिहिलं होतंत तसंच सुरू झालं. उराबेच्या भरल्या घरात एक खडा, मग त्याला लागून दुसरा, मग मेलेल्या गटाची शेपटी आणखी लांब. बघणारे आधी कुजबुजले, मग हसायला लागले. आमच्याच मंडळातला कुणी तरी म्हणाला, "दोमोन-सान, दाढी झाली की वस्तरा खाली ठेवायचा असतो." सगळे खो खो हसले. दोमोन-सानचे कान लाल झाले, पण ते ठेवत राहिले. प्रत्येक खडा ठेवताना त्यांची मान थोडी आणखी खाली जात होती. जवळजवळ तासभर हे मी पाहिलं. त्यांच्यासमोर पोरवयाचा उराबे, आणि हे त्याच्या घरात पुन्हा पुन्हा घुसतायत, निर्लज्जासारखे. पन्नास वर्षांत असा एक खडा त्यांनी कुणाच्या पटावर ठेवला नसेल.

मग नेबारीने उराबेच्या घराच्या अगदी मधोमध चाल सांगितली. दोमोन-साननी ती ठेवली, घड्याळ दाबलं. आता वेळ उराबेच्या यंत्राची. आणि दोमोन-साननी डबीच्या झाकणातले दोन जिंकलेले खडे उचलून, हार मानताना ठेवतात तसे, पटावर ठेवले, पूर्ण वाकले आणि म्हणाले, "हरलो. माफ करा, फार ताणलं."

उराबे हललाच नाही. तो स्क्रीनकडे बघत होता. त्याचं यंत्र विचार करतच होतं, करतच होतं. तेवढ्यात त्याच्या घड्याळाचा काटा पडला.

मुलगा प्रामाणिक आहे. वळून मला म्हणाला, "आजी, माझं यंत्र अडकलंय. माझी वेळ संपली. ते बोलले नसते तर मी हरलो होतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोमोन-सान अजून वाकलेलेच होते. चौथा नियम भिंतीवर लावला होता, माझ्याच अक्षरात. मी एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं की दोमोन-सान बोलले ते धरायचं नाही. भर सभेत, त्यांच्या तोंडावर, की तुमचा शब्द हा शब्दच नाही. आणि तेही माझ्या दिराच्या प्रोग्रॅमसाठी. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "शब्द निघाला तेव्हा वेळ शिल्लक होती. डाव संपला."

मला तुमचा आजार माहीत होता. विद्यापीठाचं माहीत होतं. तरी तेच म्हणाले. आता फिरवलं तर सगळ्या साकाताला कळेल की दोमोन-सानचं वाकणं आयोजकांनी घरच्या माणसासाठी पुसून टाकलं. ते मला जमणार नाही, त्सुनेओ-सान. आजही जमणार नाही. मला शिव्या घाला, त्यांना नको. त्यांना काय पणाला लागलंय ते माहीतच नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं.

तोमोए


तोक्यो, १८ डिसेंबर

वहिनी,

त्सुकिदा सरांचं उत्तर आलं. पाचव्याबद्दल अभिनंदन केलंय आणि प्रकृतीची काळजी घ्या म्हटलंय.

हात कापेल म्हणून तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. हात कापला असता तर चाललं असतं. खडा वाकडा पडला असता, सरळ करता आला असता. त्या म्हाताऱ्याची मान राहिली, तुमचं नाव राहिलं, गावाची रीत राहिली. माझं काय राहिलं ते मला सांगता येईल का?

परत लिहू नका.

त्सुनेओ


साकाता, ११ जानेवारी १९९८

त्सुनेओ-सान,

लिहू नका म्हणालात तरी लिहितेय. नववर्षाचं तुमचं कार्ड आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी गठ्ठा दोनदा उलगडून बघितला.

तुमचं काय राहिलं असं विचारलं होतंत. तुमचं काही राहिलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

दोमोन-सान स्पर्धेनंतर मंडळात यायचे बंद झाले. मी त्यांच्या दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. आजार, विद्यापीठ, तुमची पत्रं, सगळं. गिऱ्हाईक खुर्चीत होतं, त्याची अर्धी दाढी झाली होती. त्यांनी ती पूर्ण केली, गरम टॉवेल दिला, पैसे घेतले, त्याला दारापर्यंत पोचवलं. मग म्हणाले, "तोमोए-सान, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते बर्फातून सेंदाईला गेले. उराबेच्या खोलीवर. त्याच्यापुढे जमिनीला डोकं टेकलं आणि म्हणाले, "मी माझा शब्द मागे घेतो. डाव तिथूनच पुढे खेळू या." पोरगा घाबरून उठून उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, मला काही हरकत नाही हो. पण तो प्रोग्रॅम मी नंतर पूर्ण बदलला. जुना ठेवलाच नाही. त्या दिवशी जो खेळत होता तो आता नाहीच."

त्याने त्यांना चहा दिला, तो त्यांनी प्यायला नाही. शेवटच्या गाडीने परत आले आणि स्टेशनवरून थेट माझ्याकडे. बूटही न काढता उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "नाही जमलं." मग मी त्यांना आत ओढलं.

हे सांगून तुमचं काही भलं होणार नाही. पण ते गेले होते हे तुम्हाला माहीत असावं असं वाटलं.

तोमोए


तोक्यो, २५ जानेवारी

वहिनी,

अक्षर कानाएचं, राग माझा. तो अजून गेलेला नाही, पण थकलाय.

दोमोन-सान सेंदाईला गेले हे कानाएने वाचलं तेव्हा मी तिला नेबारी उघडायला सांगितलं.

आता मी बोलतो आणि ती नेबारीत बदल करते. तिला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, मी "कंस" म्हटलं की ती "कुठला?" विचारते. तरी सरकतंय. एकच गोष्ट घालायची ठरवलीय, हार मानणं. पुढे कधी कुणी हा प्रोग्रॅम लावलाच, तर त्याच्यापायी दुसऱ्या माणसाला वाकावं लागू नये. ज्याचं त्याने बोलावं.

पण आकडा सुचत नाही. किती मागे पडल्यावर? पटावर किती जागा उरल्यावर? मी एक आकडा सांगतो, ती घालते, मग आम्ही जुने डाव लावून बघतो, आणि त्यातला एखादा नंतर जिंकलेला निघतो. मग मी म्हणतो, काढ. चार दिवस हेच चाललंय.

डॉक्टरांनीही विचारलंय. पुढे श्वास थांबायला लागला की घशाला भोक पाडून यंत्र लावायचं का, ते आत्ताच सांगून ठेवा म्हणतात. नंतर बोलता येणार नाही. लावलं की काढत नाहीत. तिथेही मला आकडा सुचत नाही. मला फार भीती वाटते, वहिनी. लावायची पण आणि न लावायची पण.

तुम्ही दोघं जन्मभर पटासमोर बसलात. दोमोन-सानना विचारा. रागाने नाही, खरंच विचारतोय. आता संपलं हे माणसाला कळतं कसं?

त्सुनेओ


साकाता, ८ फेब्रुवारी

त्सुनेओ-सान,

दोमोन-सानना मंडळात बोलावून तुमचं पत्र वाचून दाखवलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं त्यांनी. मग पट मांडायला सांगितला आणि उराबेबरोबरचा तो डाव आठवून आठवून शेवटच्या खड्यापर्यंत लावला. खूप वेळ बघत बसले.

म्हणाले, "मला काही कळलं नव्हतं. इथे हरलोय की नाही हे मी पाहिलंच नाही. मला लाज वाटत होती." मग थोड्या वेळाने, "आयुष्यभर मी लाज वाटली की सोडायचो, तोमोए-सान. त्यातले किती डाव खरे हरलेले होते, देव जाणे." आणि म्हातारा माझ्यासमोर रडला. मीही रडले. स्टोव्हवरचं पाणी उकळून आटून गेलं.

तेव्हा आमच्याकडे आकडा नाही. दोघांकडेही नाही. तुम्ही तो घालू नका. नेबारी जसा होता तसा पाठवा. नोव्हेंबरच्या यादीत पहिलं नाव त्याचं लिहिलंय, आणि ही स्पर्धा मी जिवंत असेपर्यंत दर साली होईल, ओशो-सान काय वाटेल ते म्हणोत. दरवर्षी तो मागे पडत जाईल, ते मला कळतं. उराबेसारखी पोरं पुढे जातील आणि याच्यात कुणी एक ओळ सुधारणार नाही. शेवटचा येईल. येऊ दे. विद्यापीठाने ठेवला असता तसा ठेवणं आम्हाला जमणार नाही, पण खेळवू आम्ही त्याला.

त्याच्या वतीने कोण बसणार म्हणून मी विचारणारच होते, तोच दोमोन-सान म्हणाले, "मी सोडून कोण?"

डॉक्टरांना काय सांगायचं ते मी सांगणार नाही. जे सांगाल त्यात मी तुमच्या बाजूने आहे. बर्फ वितळला की येतेय, कानाएला थोडी झोप मिळेल.

तोमोए


तोक्यो, १ मार्च

वहिनी,

फ्लॉपी वेगळ्या पाकिटात आहे. तीत काहीही नवीन घातलेलं नाही.

दोमोन-सानसाठी थोडं. सुरू केल्यावर स्क्रीन काही वेळ काळी राहते, घाबरू नये. पट भरत आला की तो फार हळू होतो, तेव्हा गुडघे मोडून बसू नका, खुर्ची घ्या, बरोबर चहा ठेवा. लोक हसतील. तो अगदी मूर्खपणाच्या जागा सांगेल, पहिल्यापेक्षाही मूर्खपणाच्या, कारण समोरचे आता हुशार झालेले असतील. तरी तो सांगेल तिथे ठेवा. त्याचं झालं की तो स्वतः थांबतो.

त्याआधी त्याच्या वतीने कुणी काही बोलायचं नाही. आता रागाने म्हणत नाही, विनंती आहे.

काल डॉक्टर आले होते. मी सांगितलं, यंत्र लावा. ते म्हणाले, नीट विचार करा हिओकी-सान, तुम्हाला त्रास होईल, बघणाऱ्यांनाही बघवणार नाही. कानाए माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, न बघवू दे.

त्सुनेओ